त्रेपन्न किलो

तेजलच्या घरापासून सांब्र्याचा विमानतळ
चालत वीस मिनिटं.
तिच्या कौलांवरून विमानं जायची,
त्या आवाजावर तिची आई घड्याळ लावायची.
आत बसायची ही पहिलीच वेळ.

मी सत्तावन्नची. निवडीत हरले
म्हणून पिशवी धरायला.
पिशवीत एक लाल, एक निळा कॉश्च्युम, टॉवेल,
आणि तिला दिसू नयेत म्हणून
माझ्या स्वेटरात गुंडाळलेल्या
तिच्या आईच्या तीळ लावलेल्या सज्जीच्या भाकऱ्या,
शेंगांची चटणी.

दोन दिवस ती पाणीसुद्धा मोजून पीत होती.
गालात चिंचोका, थुंकायला बाटली.
पडद्यावरची गावं एकेक करून लाल झाली.
बेंगळुरू. हैदराबाद. मुंबई. परत बेंगळुरू.
काउंटरवरची पोरगी आधी कन्नडात माफी मागायची,
मग मराठीत, मग हिंदीत,
शेवटी नुसतीच मान हलवायची.
देशभर अडलंय म्हणे.
कुठं काय बिघडलं ते कुणालाच नीट सांगता येईना.

कॅम्पातली स्केटिंगची पोरं
चाकं बांधून फरशीवर गोल गोल.
शिपाई ओरडला तसं त्यातलं एक म्हणालं,
"काका, आज हितं आम्हीच तेवढं चालालोय की."
शिपाई हसला. आम्हीपण. तेजल नाही,
हसायला तोंड उघडलं तर चिंचोका पडेल.

परशराम मास्तरांनी गोव्याला फोन लावला, हुबळीला लावला,
मग पार्किंगमधून कुणाची तरी क्रूझर आणली.
"बसा गे. हुबळीहून रेल्वे हाय विजयवाड्याला.
उद्या धापर्यंत वजन घेत्यात."

कित्तूरला तिनं काचा वर करायला लावल्या.
अंगात दोन जर्किनं, घाम यायला पाहिजे.
धारवाडात पेढ्यांचे बोर्ड सुरू झाले
तसं मी भारंदाज डावाबद्दल बोलत सुटले,
मला तो आजवर कधी बसलेला नाही.

हुबळीच्या फलाटावर आईचा फोन.
"पोचलीस? अंगणात उभी होते गे मी,
तुझं विमान गेलंच नाही वरनं."
तेजल म्हणाली, "आज दुसऱ्या बाजूनं गेलं."

जनरलच्या डब्यात विमानाची तिकिटं असलेली माणसं,
ढकलगाड्यांच्या सवयीच्या मोठ्या बॅगा डोक्यावर घेऊन.
आम्ही दाराशी, संडासाच्या वासात.
बळ्ळारीच्या अलीकडं गाडी उभी राहिली ती राहिलीच.
मास्तर दर तासाला खाली उतरून
इंजिनाकडं बघून यायचे,
जसं काही त्याला वळण द्यायचं राहिलंय.

गुंतकल आलं तेव्हा साडेनऊ.
विजयवाडा अजून आठ तास.
मास्तर काही बोलले नाहीत, चहा आणायला म्हणून गेले
आणि लवकर आले नाहीत.

आमचा काटा क्रूझरमध्येच राहिलेला.
पार्सल ऑफिसच्या दारात लोखंडी काटा होता,
आंब्याच्या पेट्या मोजायचा.
दहाला पाच कमी असताना
तेजल चपला काढून, जर्किनं काढून,
त्यावर जाऊन उभी राहिली. ताठ.
हात मांड्यांना चिकटवून.

आतला माणूस चष्म्यावरून बघत राहिला,
कन्नडात म्हणाला, काय पाठवायचंय?
ती कन्नडातच म्हणाली, फक्त आकडा सांगा.
त्यानं वाकून बघितलं.
बावन्न किलो आठशे.
सवयीनं पावतीबुकात लिहायला घेतलं.
नाव? मुतगेकर तेजल.
कुठं?

ती काही बोलली नाही.
त्यानं ती जागा मोकळी सोडून
पावती फाडून दिली, पैसे घेतले नाहीत.

मी स्वेटर सोडला.
भाकरी वाळून कडकडीत झालेली.
तेजलनं चिंचोका काढून रुळांवर टाकला,
पहिला तुकडा कितीतरी वेळ नुसताच तोंडात धरला,
मग म्हणाली,
"कालपासनं वास येतोय मला तिळाचा.
गप बसले."