कांयच ना

इनासला आता ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं इंजिनांशेजारी गेली.
म्हणून तो स्क्रू-ड्रायव्हरचं टोक
बेअरिंगच्या घराला टेकवतो, मूठ दातांत धरतो
आणि मला खुणावतो : फिरव.

मी पुलीला पाना लावून फिरवते.
“रेंव,” तो म्हणतो,
भातात वाळू लागल्यासारखं तोंड करून.

ब्रिटोनाचा धक्का. ठोकळ्यांवर चढवलेली बोट,
पंख्यावर कालवांची खरूज.
ड्राइव्हचे सहा नट; पाच मुकाट सुटले,
सहाव्यानं दुपार खाल्ली.

मग भाता. रबरी, काळा, वरून धड.
बोटांनी घडी फाकवली तेव्हा
आत नखाएवढी चीर.
तेवढ्या वाटेनं मांडवी येत राहिली, थेंब थेंब,
आणि गोळ्यांचं तांबडं मीठ झालं.

मालक फोनवर : आवाज कधीपासून येत होता?
काय सांगणार. डॉल्फिन दाखवताना
बोटीवर गाणी लावतात.

नवं बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये होतं,
बांगड्यांच्या पिशवीला खेटून.
थंडीनं आकसलेलं, दोन ठोक्यांत बसलं.
भात्याचा क्लॅम्प आवळताना
माझं बोट सोललं, ते कुणी विचारलं नाही.

पुन्हा दातांत मूठ. मी फिरवते.
तो डोळे मिटून, बराच वेळ.
“कांयच ना.”

हे ‘काहीच नाही’ बेअरिंगचं
की त्याच्या दातांचंही,
मी विचारत नाही.
तो मूठ स्वतःच्या शर्टाला पुसतो, माझ्यापुढे धरतो.
प्लॅस्टिकवर त्याच्या चाव्यांचे खड्डे.
त्यात माझे दात बसत नाहीत नीट.
तरी चावते.
आता तो फिरवतो.