भावपत्रक

माझ्या पार्लरच्या भिंतीवर भावपत्रक आहे.
वर गुजराती, खाली मराठी,
मराठीतल्या दोन चुका अजून तशाच.
केस सरळ करणे:
कानापर्यंत, खांद्यापर्यंत, कमरेपर्यंत.
दांडिया बाजारात एकोणीस वर्षं
ह्या तीन ओळींत सगळ्या बायका बसल्या.

नूरबानू सीदी बसली नाही.

झगडियाजवळच्या रतनपूरची,
इथे नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
खुर्चीत टेकली, ओढणी काढली
आणि आरशात एकदम गर्दी झाली.
मी एक बट धरून हलकेच ओढली,
आली खाली, पार खांद्याच्या खाली.
सोडली, तर कानाशी जाऊन बसली,
पाहुणे आले की आत पळणाऱ्या पोरीसारखी.
"लांबी कुठली धरू गं? ओढून की सोडून?"
"सोडून धरा, मासी. स्वस्त पडेल."
हसली. मीही हसले,
बहुतेक वेगळ्या कारणानं.

पहिली फणी तिच्या केसांत मोडली.
मनात म्हटलं, अवघड केस आहेत.
मोडका दात शोधताना वाटलं,
ही फणी कापली कुणाच्या मापानं?

टोपी डोक्यावर नीट बसत नाही, मेट्रन म्हणाली होती.
म्हणजे डोकं बदला.
टोपीविषयी कुणी काही बोललं नव्हतं.

माझ्याकडे एक भाषण तयार होतं,
देवानं दिलेलं रूप वगैरे.
तेवढ्यात मला माझाच फोटो आठवला,
रावपुऱ्याच्या स्टुडिओतला, स्थळांना धाडायचा.
आईनं अर्धी वाटी तेल घालून
माझे कुरळे केस चापूनचोपून बसवले होते.
त्या फोटोवर लग्न ठरलं.
पहिल्यांदा न्हाऊन बाहेर आले, तर सासूबाई म्हणाल्या,
"हे काय? फोटोत असे नव्हते."
केसानं गळा कापला म्हणे आम्ही त्यांचा.
भाषण गिळलं. क्रीम कालवलं.

कुजक्या अंड्याचा वास सुटला.
"बळे छे?" मी विचारलं.
"भले बळे." डोळे घट्ट मिटलेले.
"तुम्ही घड्याळ बघा."

शेजारी पटेलबेन, तोंडावर मुलतानी माती,
ओठ न हलवता: "कुठली गं तू?"
"रतनपूर."
"ते नाही. मूळची?"
नूरबानू गप्प.
मलाही विचारतात. चौथी पिढी बडोद्यात,
तरी, तमे महाराष्ट्रना ने?
पण मला विचारताना
कुणी माझ्या डोक्याकडे बघत नाही.

धुतले, वाळवले. केस खाली आले
आणि खालीच राहिले.
तिनं मान हलवली, ते हलले.
पुन्हा हलवली.
तिला आवडलं. हे सांगायलाच हवं.
फार आवडलं.

तीन महिन्यांनी आली, तेव्हा
मुळाशी दोन बोटं नवे केस, आपापल्या मनानं वळलेले,
खाली जुने, सरळ.
मधला सांधा बोटाला कळायचा,
भिंतीत जुन्या विटा संपून नव्या लागतात तसा.
"क्रीम की कात्री?"
"काहीच नाही. उरुसाला चुलतबहीण वेण्या घालणार आहे,
साठ-सत्तर तरी. नुसते धुऊन द्या."
मी धुतले. घाई केली नाही.

दिवाळीत पुन्हा सरळ.
उन्हाळ्यात डोक्यालगत कापले, कवटीचा आकार दिसेल इतके;
सुंदर होता, मला आधी कळला नव्हता.
एकदा ओढणी काढलीच नाही,
भुवया करून गेली.
का, ते विचारायचं मी सोडून दिलंय.
मेट्रनचं काय झालं, तेही.

आज पेंटरला बोलावलंय.
चौथी ओळ लिहायची आहे.
तो शिडीवर, ब्रश पांढऱ्यात बुडवलेला,
मी खाली, मान वर करून शब्द शोधते आहे.
कुठपर्यंत? ओढून? सोडून?
थेंब पडला खुर्चीच्या हातावर.
"लांबी नसेल तर राहू द्या, बेन," तो म्हणतो,
"भाव तरी सांगा."