राजीखुशीने

कागद पाच पानांचा. शेवटच्या पानावर
पेन्सिलीने फुली मारलेली जागा.
गुरुवारपर्यंत, म्हणाले लाखे साहेब,
मग आकडा खाली येईल.

आकडा चार लाख अठरा हजार.
एकवीस वर्षं रिंग फ्रेमवर
तुटला धागा सांधत आलो
फिरत्या चातीवर, बोट न कापता.
भागाकार मी करणारच. केला.

घरी रुचिकाने मोठ्याने वाचला,
माझ्या उजव्या बाजूला बसून.
डावा कान सूतगिरणीतच राहिला,
कधी गेला ते कळलंही नाही.
कलम सातमध्ये तोही बसतो म्हणे:
'आरोग्यविषयक कोणताही दावा यापुढे...'
तिथे ती थांबली. पाणी प्यायली.
मग पुन्हा पहिलं पान काढून,
"अन् हे पाहा ना बाबा, राजीखुशीने."

हा शब्द आधी एकदाच ऐकलेला,
भावाच्या वाटणीपत्रात,
जिथे राजी कुणीच नव्हतं
आणि खुशीचं तर नावच नको.

थोटे सही करून आला, त्याच दिवशी
आर्णीहून फ्रिज.
लाइट नसते दुपारभर.
त्याची बायको त्यात वाळल्या मिरच्या ठेवते.
शमीमभाई सही करत नाही.
यवतमाळला तारखेला जातो,
एसटीची तिकिटं डब्यात जपतो, पुरावा म्हणून.
कशाचा, विचारलं तर हसतो,
"माह्या जान्याचा, बावा."

बायको तुरीच्या शेंगा सोलत होती.
एवढंच म्हणाली,
"सही केली तरी तुम्ही तुम्हीच रायसान,
अन् नाई केली तरी पोरीची फी भराच लागन."

गुरुवारी गेलो.
गेटवर अंगठा आपोआप पुढे झाला.
हजेरीची मशीन काढून नेलेली,
भिंतीवर स्क्रूची चार भोकं.

साहेबांचं पेन घेतलं नाही.
रुचिकाचं होतं खिशात.
फुलीकडे गेलोच नाही आधी,
पहिलं पान उघडलं,
त्या एका शब्दावर रेघ ओढली,
पट्टी न लावता, जमेल तशी सरळ.
मग सही केली, पूर्ण नावाची.

"खाडाखोड चालत नाही," साहेब म्हणाले.
"मले तरी कुठं चालते," म्हणालो मी,
की म्हणायचं राहिलं.
ते उठून डावीकडे गेले,
तिथून काहीतरी बोलले.
कोपऱ्यात प्रिंटरचा हिरवा दिवा लागला,
कागद सरकत बाहेर येऊ लागला,
आणि मी खुर्चीवरून वाकून
पाहत राहिलो पहिली ओळ.