कुलूप

फ्रीजमध्ये आगळाच्या बाटलीमागे
माझं इन्सुलिन असायचं, उघडंच.
एका दुपारी मन्वा पडवीत बसून
काजूच्या बोंडूला टोचत होती माझी सुई,
"रडू नको हां, झालं," म्हणत,
अगदी माझ्याच आवाजात.

बोंडूतून रस ठिबकत होता.
तिची बोटं मी दहादा तपासली.

त्याच संध्याकाळी डिचोलीच्या बाजारातून
फ्रीजमध्ये मावेल असा
कुलपाचा डबा आणला.
वापरलेल्या सुया जाड बरणीत, माळ्यावर.
किल्ली माझ्या गळ्यात.
सासूबाई म्हणाल्या, घरात चोर शिरला की काय?
मी काही बोलले नाही.

मन्वा रोज विचारते, डब्यात काय आहे?
"आईची साखर," मी सांगते
आणि लगेच जीभ चावते:
गोड नाव कशाला दिलं?