तीन पूर्णांक दोन

इल्मोने गाडी ढकलत आणली तेव्हा
कुहमोत उणे सव्वीस होतं.
मी गॅरेजचं दार वीतभर वर केलं आणि ओरडले,
"आत घे लवकर, ऊब फुकट येत नाही!"
जुनी व्हॉल्व्हो. टर्बो नंतर बसवलेला.
बोनेट दुसऱ्या गाडीचं, निळं; बाकी सगळी पांढरी.
तो म्हणाला, "प-प-पाच ह-हजार..."
"पाच हजारांवर अडखळते," तौनोने वाक्य पुरं केलं,
माझ्या स्टुलावर बसून, माझी कॉफी पीत.
इल्मोने मान हलवली.
त्याला पाच हजार आठशे म्हणायचं होतं.
त्या आठशेपायी माझा अख्खा मंगळवार गेला.

एकच कॉइल, चार सिलिंडर.
हिशेब मी पुठ्ठ्यावर मांडला:
सात हजार फेऱ्यांना, दोन ठिणग्यांच्या मध्ये
चार मिलिसेकंद आणि वर थोडी चिल्लर.
तेवढ्यात तिने भरायचं, रितं व्हायचं,
पुन्हा भरायला लागायचं.
बर्फातल्या भोकात बादली बुडते न बुडते
तोच दोर ओढायचा, तशी गत.
त्यात टर्बोने कोंबलेली हवा, दाट, हट्टी,
ठिणगीला वाट देत नाही.

कायानीच्या भंगारातून चार कॉइल आणल्या,
प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक.
पट्टी मीच कापली, ॲल्युमिनियमची.
एक भोक चुकलं. ते अजून आहे तिथे.
आता एकेकीच्या वाट्याला सतरा मिलिसेकंद.
"मग दे की सहा-सात," तौनो म्हणाला,
"दणकून ठिणगी पडेल."
याच्या बापाने अशीच लाकडं कोंबून
सौना जाळला होता.

वीज तारेत मुरावी लागते.
कमी वेळ दिला तर कच्ची,
जास्त दिला तर करपते.
मी क्लॅम्प अडकवला, ऑसिलोस्कोप लावला.
हिरवी रेघ दमादमाने, एका कलाने चढते
आणि एका जागी एकदम वर उसळते.
तिथे गाभा भरला.
त्यापुढे दिलेलं सगळं नुसतं तापतं:
बोटाला आधी कोमट, मग नकोसं,
मग एक दिवस ती कॉइल कायमची गप्प.

उसळायच्या जरा अलीकडे थांबले.
चौदा व्होल्टला तीन पूर्णांक दोन.
बाराला चार.
दहाला पाच पूर्णांक एक.
आणि आठाला, म्हणजे पहाटे तळ्यावर
गारठलेली बॅटरी स्टार्टरखाली खचते तेव्हा,
सात.

इल्मो खांद्यामागून तक्ता बघत होता.
"म्हणजे... ज-ज..."
तौनोने तोंड उघडलं.
मी त्याला पाना फेकून मारला नाही,
पण पाना हातात होता.
हीटर घरघरला. छपरावरून बर्फाचा एक थर घसरला,
अंगणात धप्पकन पडला.
कुत्र्याने कूस बदलली.
"...जोर क-कमी असला
की वेळ जास्त द्यायचा."
"हो," मी म्हणाले,
आणि प्लगची फट सहा दशांशावर आणायला वळले,
कारण डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, ग्रीस असेल.

फेब्रुवारीत शर्यत तळ्यावर.
आम्ही काठावर, थर्मास घेऊन.
समोरच्या लांब सरळ पट्ट्यावर तिने आवाज चढवला,
पाच, पाच सहाशे, आठशे,
आणि आवाज फाटला नाही,
एका धाग्यात सात हजारांपर्यंत गेला.
तौनो म्हणाला, "ऐकलंस, ही तर..."
आणि पुढचं त्याने तसंच सोडून दिलं.
मी पण काही जोडलं नाही.

इल्मो सहावा आला. तिसऱ्या फेरीत
पाण्याचा पाइप फुटला होता;
त्याचा माझ्या कामाशी काही संबंध नाही,
हे लिहून ठेवते.
बिलाचं कधी, ते सांगायला आला होता काल.
दारात उभा राहिला, म-म करत.
मार्च असेल. मे असेल.
मी कॉफी ओतली
आणि थांबले.