नाकारलेल्या नमुन्यांची वही

वहीला पाच रकाने आहेत:
तारीख, वॉर्ड, नोंदणी क्रमांक, कारण, सही.
नावाचा रकाना कुणी आखलाच नाही,
कारण या वहीतल्या पुष्कळांना
अजून नावच नसतं.

इशरतचं बाळ.
दुर्गाबाईचं जुळं, एक. दुर्गाबाईचं जुळं, दोन.
बारशापर्यंत माणूस
आईच्या नावाला धरून असतं
आणि पायातल्या प्लास्टिकच्या पट्टीला.

मे महिना, रात्रीचे अडीच.
नागपुरात या दिवसांत भिंतींनाही ताप असतो.
नाझीमनं ट्रे आणून ठेवला तो नेमका कूलरसमोर,
आणि मी सेंट्रिफ्यूज बंद करून वळेपर्यंत
वाळ्याच्या वासाच्या पाण्यात
दोन लेबलं तरंगत होती.
बाजूला दोन नळ्या, जांभळ्या टोपणांच्या,
प्रत्येकीत अर्धा मिली.

प्रिंटरची रिबन संपून चार दिवस झाले होते.
जेल पेनची अक्षरं फुगली होती, पण वाचता येत होती:
शालू मडावी.
शालू मडावी.
एक देवलापारकडची, एक भिवापूरची.
दोघींना मुलीच,
अकरा दहाला आणि अकरा चाळीसला.
दोन्ही नमुने सिकलसेलसाठी.

वॉर्डात फोन लावला.
बोरकुटे सिस्टर म्हणाल्या,
"लावून दे नं अंदाजानं एक इकडं, एक तिकडं.
पुन्हा टोचायचं का एवढ्याश्या जिवाले?"
बोरकुटे सिस्टर वाईट नाहीत.
एकोणीस बाळंतिणी आणि त्या एकट्या,
संध्याकाळपासून पाणी प्यायच्या राहिलेल्या.

मी दोन्ही नळ्या ट्यूबलाइटसमोर धरल्या.
लाल. आणि तेवढंच लाल.
रक्त रक्ताला ओळखतं म्हणतात.
बावीस वर्षं मी रक्ताशेजारी बसते आहे,
ते कुणालाही ओळखत नाही.
ओळखायचं काम
चिकटपट्टीचं.

एकीच्या सांध्यांतली कळ
दुसरीच्या कागदावर गेली,
तर पहिली सात वर्षांची होईल तेव्हा
नाटक करते म्हणून शाळेत मार खाईल,
आणि भिवापुरात, नाहीतर देवलापारला,
एक धडधाकट पोर
खेळायला सोडणार नाहीत.

पिवळ्या पिशवीत टाकल्या दोन्ही.

दोन रिकाम्या नळ्या, केसांत खोचलेलं पेन,
जिन्यानं वर गेले.
नळीवर आधी लिहून ठेवायचं नाही.
आधी टोचायचं, मग तिथंच,
पाळण्यावरचा हात न काढता लिहायचं.
पायातली पट्टी मोठ्यानं वाचली.
टाच मोहाच्या फुलाएवढी,
तशीच ऊबदार.
थेंब यायला वेळ लागला.

आई जागी होती.
"मघा नेलं नं जी रक्त? थे कुठं गेलं?"
"टाकलं."
"कायले? माह्याच पोरीचं होतं नं थे?"
"तेच तर कळत नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली.
मला वाटलं आता आवाज चढवेल,
नवऱ्याला हाक मारेल, बाकीचा वॉर्ड उठेल.
तिनं नुसतं दुपटं बाजूला केलं
आणि तो पाय स्वतःच धरला.
"लिहा," म्हणाली, "मी पाहतो."

तिला वाचता येत होतं की नाही,
मी विचारलं नाही.
पण मी लिहीत गेले तसं
तिचं बोट अक्षरांखालून सरकत गेलं,
आणि आकड्यांपाशी थांबून
एकदा मागे येऊन गेलं.

दुसरी शालू झोपेतच होती.
तिच्या मुलीनं दोघींच्या वाटचं रडून घेतलं.

खाली आले तेव्हा साडेतीन.
ट्रे पुसला, कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवलं.
वही उघडली. दोन ओळी.
कारणाचा रकाना दोन बोटं रुंद,
त्यात लिहिलं: लेबल ओलं.
बाकीचं मावलं नाही.
सही केली.