पाठपोट

कोर्टाच्या भिंतीला टेकून माझं झेरॉक्सचं मशीन आहे,
सीबीएसकडून आलात तर रसवंतीच्या पुढे.
सोळा वर्षं लोकांचे कागद काचेवर पालथे घालतेय.
वाचायचे नसतात, जुने मालक म्हणाले होते पहिल्याच दिवशी.
पण हातात कागद आला की डोळे काही मालकांचे नसतात.

तशीच शिकले.
गु.र.नं., मग आकडा, तिरकी रेघ, साल.
"सदर इसम" म्हणजे तोच,
नाव लिहून लिहून हात दुखला की त्याचं असं होतं.
आणि ३४. हा कलमांच्या शेवटी येतो, शेपटासारखा.
३४ म्हणजे, मी लोकांना सांगते,
सोबत होता.

हौसाबाई बेंडकुळे गिरणाऱ्याहून आल्या मंगळवारी.
भावाला अंबडच्या कंपनीत वॉचमनचं काम लागत होतं,
लागलं नाही. साहेब एवढंच म्हणाले : नोंद आहे.
"कुठं असती ही नोंद?"
चुकलेल्या म्हशीसाठी कोंडवाडा विचारावा
तसं विचारलं त्यांनी.

मी सांगितलं :
शहराचं वेगळं, ग्रामीणचं वेगळं.
तुमचं गाव ग्रामीणमध्ये, तुम्ही आडगावला जा.
फलकावर नावं असतात ती ताज्या अटकेची,
अकरा वर्षांपूर्वीचं नाव फलकावर कशाला राहील?
त्याला माहितीचा अर्ज, दहा रुपयांचं तिकीट, भावाची सही.
बापाचं नाव घाला, साल घाला.
नुसत्या आडनावावर जाऊ नका,
तुमच्याकडं अख्खा पाडा बेंडकुळे.

पाच आठवड्यांनी कागद घेऊन आल्या.
काळू सुकदेव बेंडकुळे, वय २२, धंदा हमाली.
उजव्या भुवईवर जुना व्रण.
टमाट्याच्या मार्केटात जाळ्यांवरून मारामारी.
अटक रात्री अकरा चाळीस.
नातेवाइकांस कळविले : होय.

"होय?" हौसाबाई म्हणाल्या.
"कुणाला कळवलं? आम्हाला सकाळी
गाडीवाल्यानं सांगितलं, तेबी चहा पिताना."

मी काही बोलले नाही.
शेवटचा रकाना दाखवला. निकाल.
कोरा.
रकाना आखलेला होता, पट्टी लावून नीट,
कुणाला तरी वाटलं असेल की इथे काहीतरी येईल.

मग भिंतीपलीकडे, नकला विभाग.
तीन खेपा, एकदा साहेब रजेवर, एकदा बंडल सापडेना.
चौथ्या वेळी सापडलं :
संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्त.
"फायदा?" त्या म्हणाल्या. "कसला फायदा झाला त्याला?"
मी म्हटलं, तशी भाषाच आहे, ताई.
त्या म्हणाल्या, "असंल."

आडगावचा कागद आडगावला,
इथला कागद इथे,
मध्ये द्वारका, सिग्नल, बळी मंदिर, अर्ध्या तासाची बस.
इतक्या वर्षांत दोघे एकमेकांना भेटले नव्हते.
पहिल्यांदा भेटले ते हौसाबाईंच्या पिशवीत,
भाकरीच्या फडक्याला लागून. एका कोपऱ्यावर तेल होतं.

"दोन झेरॉक्स?" मी विचारलं. सवयीनं.
मग थांबले.
अटक काचेवर ठेवली, झाकण लावलं, उजेड सरकला.
तोच कागद उलटा करून ट्रेमध्ये घातला,
आता निकाल, पुन्हा उजेड.
पाठपोट.
एक सोडून दुसरं वाचायला नको
म्हणून एकाच कागदाची दोन अंगं.
गरम होता. हौसाबाईंनी गालाला लावून पाहिला.

पैसे घेतले मी. सोडले असते तर त्यांना आवडलं नसतं.

कंपनीत फाइलीला लावतील, टाचणी मारतील.
कुठली बाजू वर ठेवतील
ते मशीनला विचारून चालत नाही.
पुढचा गिऱ्हाईक म्हणाला, बाई, लवकर,
साडेअकराला पुकारा आहे.
त्याच्याही कागदावर शेवटी ३४ होता.